काठावरचे अणू

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळपासून सोन्याचा स्फटिक साफ करणं चालू आहे. आरगॉनचे आयन त्यावर आदळवायचे, वरचा मळका थर उडवायचा, मग साडेचारशे अंशांच्या आसपास तापवून विस्कटलेल्या अणूंना पुन्हा जागेवर बसू द्यायचं. मग परत आरगॉन, परत ताप. यात घाई चालत नाही. संध्याकाळी मायक्रोस्कोपची टिप खाली आणली आणि पडद्यावर हेरिंगबोनची नक्षी उमटली तेव्हा कुठे जेवायला उठलो. सोन्याच्या या पृष्ठभागावर सगळ्यांत वरचा थर २२ अणूंच्या जागेत २३ अणू बसवतो. त्या दाटीमुळे या वळणदार रेषा उठतात. त्या सलग दिसल्या की पृष्ठभाग स्वच्छ आहे असं समजायचं.

चेंबरमधला दाब हवेच्या दाबाच्या दहा लाख कोटीव्या हिश्श्याएवढा आहे. तो याच्या दहा हजार पट असता, तरी बाहेरच्या माणसाने त्याला निर्वातच म्हटलं असतं; पण तेवढ्या दाबाला उरलेल्या वायूच्या रेणूंचा मारा इतका होतो की काही सेकंदांतच थरभर रेणू पृष्ठभागावर येऊन आदळतात. आपण जे बांधणार ते एका अणूच्या जाडीचं आहे. त्याच्याखाली कचरा चालत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नव्या विद्यार्थिनीने आज पहिल्याच दिवशी मुळावर बोट ठेवलं. ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन इतक्या सहज धावतात, तर त्याच्या चिंचोळ्या फिती कशाला करायच्या?

तिच्याबरोबर फळ्यासमोर बराच वेळ बसलो. कार्बनच्या एका थरात इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कशी असेल याचं गणित पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्येच कागदावर केलं होतं. प्रत्यक्षात तो थर वेगळा काढून त्यावर विजेची मापनं केली ती मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी, २००४ मध्ये. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. पण वॉलेस यांच्या गणितातच अडचण लिहिलेली होती: ग्राफीनला बँडगॅप नाही, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा नाही. ट्रान्झिस्टरचं काम प्रवाह सोडणं आणि तोडणं. ग्राफीन सोडतं छान, तोडत मात्र नाही. शून्य आणि एक यांतला शून्य त्याच्याकडे नाही.

फीत पुरेशी अरुंद केली की इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि गॅप उघडते. किती उघडते हे रुंदीवर ठरतं, आणि तेही सरळ हिशेबाने नाही. आर्मचेअर काठाच्या, म्हणजे काठावर खुर्चीच्या आकाराची वळणं असलेल्या, फितींची तीन घराणी आहेत. रुंदीतल्या अणूंच्या ओळी मोजायच्या आणि तिनाने भागायचं. बाकी दोन उरली तर गॅप अगदी लहान. शून्य किंवा एक उरली तर मोठी. स्टीव्हन लुई यांच्या बर्कलीच्या गटाने २००६ मध्ये हे नीट मांडलं. म्हणजे सात ओळींची फीत चांगला अर्धवाहक, तिच्यात एक ओळ वाढली की गॅप कोसळते.

"मग कापायची सात ओळींची," ती म्हणाली. कापायचा प्रयत्न झालेला आहे. २००७ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फिलिप किम यांच्या गटाने लिथोग्राफीने फिती कोरल्या. रुंदी कमी होईल तशी गॅप वाढते, हे त्यांना दिसलं. पण फीत कुठल्या दिशेने कापली याचा जो फरक सिद्धान्ताप्रमाणे पडायला हवा, तो दिसला नाही. काठ खडबडीत झाले होते. कुठलंही कोरण्याचं हत्यार अणूची ओळ ओळखत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज रेणू सोन्यावर सोडले.

पिवळसर भुकटी. प्रत्येक रेणूत अँथ्रासीनचे दोन तुकडे मध्ये एका बंधाने जोडलेले, आणि दोन बाहेरच्या टोकांना एकेक ब्रोमीन. दोन तुकडे एकाच पातळीत बसू शकत नाहीत. त्यांचे हायड्रोजन एकमेकांना अडतात, म्हणून रेणू पिळलेला असतो. मुशीत तो तापवायचा, वाफ सोन्यावर बसू द्यायची. सोनं २०० अंशांवर असलं की ब्रोमीन सुटतो, टोकं मोकळी होतात आणि रेणू एकमेकांना धरत साखळी करतात. ४०० अंशांवर नेलं की शेजारच्या तुकड्यांचे हायड्रोजन गळतात, नवे बंध जुळतात आणि पिळलेली साखळी सपाट फीत होते. रुंदी सात अणूंची, ०.७४ नॅनोमीटर. कुठेही सहा नाही, कुठेही आठ नाही, कारण रुंदी रेणूतच ठरवलेली आहे.

ही पद्धत इथून जवळच, झुरिचलगतच्या ड्युबेनडॉर्फच्या एम्पा संस्थेत, रोमान फाझेल आणि पास्काल रुफियू यांच्या गटाने माइन्झच्या क्लाउस म्युलेन यांच्या रसायनशास्त्रज्ञांबरोबर बसवली. निबंध २०१० चा. त्यात मला आजही जे मोठं वाटतं ते असं: अचूकपणा यंत्राकडून काढून रेणूकडे दिला. एवढे अणू एकेक करून ठेवायला कुणाचा हात पुरला नसता. इथे माणूस फक्त भुकटी आणि तापमान ठरवतो, बाकीचं बंध करतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

साखळ्या दिसल्या. उंचवटे आलटून पालटून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. एका बाजूच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर ०.८६ नॅनोमीटर. पिळलेल्या रेणूचं वर आलेलं टोक ते हेच. दुपारी ४०० अंश. रात्री पुन्हा थंड करून पाहिलं: उंचवटे गेले, काठ सरळ, जिथे साखळी होती तिथे फीत.

प्रतिमा विद्यार्थिनीला दाखवली. ती काही न बोलता पट्टी धरून काठ तपासत बसली. ही सवय चांगली आहे. सुंदर चित्रावर विश्वास ठेवण्याआधी ते मोजायला हवं.

९ नोव्हेंबर, शनिवार

नोव्हेंबरचं दाट धुकं झुरिचच्या तळ्यावर बसलेलं. लोकलने र्‍युशलिकॉनपर्यंत गेलो, चढ चढून आयबीएमच्या प्रयोगशाळेवरून चालत आलो. आम्ही रोज ज्यावर काम करतो तो स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप १९८१ मध्ये इथे गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी उभा केला. पाच वर्षांनी नोबेल. टिप आणि पृष्ठभाग यांतलं अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढलं की टनेलिंगचा प्रवाह सुमारे दहा पट घटतो. एवढ्या तीव्र उतारामुळेच अणूचा उंचसखलपणा हाताला लागतो. २००९ मध्ये इथेच लिओ ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी अणुबल मायक्रोस्कोपच्या टिपेवर कार्बन मोनॉक्साइडचा एकच रेणू बसवला आणि पेंटासीनचे पाच षट्कोन स्वच्छ पाहिले.

पण आज माझ्या मनात होतं ते ट्रायँग्युलीन, कार्बनच्या सहा षट्कोनांचा त्रिकोणी रेणू. एरिश क्लार यांनी तो रेणू १९५० च्या दशकात बनवायचा प्रयत्न केला. हाती आले ते जुळून गेलेले पदार्थ. त्यात दोष कौशल्याचा नव्हता. त्या त्रिकोणात दोन इलेक्ट्रॉनांना जोडीदार मिळूच शकत नाही, म्हणून रेणू दिसेल त्याला धरतो. २०१७ मध्ये इथल्या गटाने वॉरिक विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांकडून दोन हायड्रोजन जास्त असलेला रेणू घेतला आणि टिपेने ते दोन हायड्रोजन उडवले. शेजारी धरायला दुसरा रेणू नव्हता, त्यामुळे त्रिकोण टिकला. साठ-पासष्ट वर्षं कागदावर असलेली गोष्ट अशी डोळ्यांसमोर आली. क्लार ती पाहायला नव्हते. १९८७ मध्ये ते गेले.

१० नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. ती साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीच्या मुलांना काहीतरी ताजं सांगायचंय म्हणाली.

"अरे, मुलं विचारतात ग्राफीनचा फोन कधी येणार. काय सांगू?"

"ताई, फोनचं सोड. त्यांना लोखंड नसलेलं चुंबकत्व कागदावर काढून दाखव."

मग तिला सांगितलं. सहा षट्कोन त्रिकोणात रचायचे: खाली तीन, त्यावर दोन, वर एक. कोपऱ्यांवर कार्बनचे २२ अणू येतात. आता एकाआड एक अणूला काळा-पांढरा रंग द्यायचा, शेजारच्या दोघांचा रंग कधीच सारखा नको. मोजलं की एका रंगाचे १२ आणि दुसऱ्याचे १० निघतात. दोन जास्तीचे. एलियट लीब यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाप्रमाणे एकूण स्पिन या फरकाच्या निम्मा, म्हणजे १. पेन्सिलीने मोजून एखाद्या रेणूचं चुंबकत्व सांगता येतं, असे विषय थोडे.

ताईने फोनवरच आकृती काढली असावी, कारण थोड्या वेळाने म्हणाली, "बारा-दहा आले रे." मग तिचा पुढचा प्रश्न: फरक शून्य आला तर चुंबकत्व नाहीच ना?

हाच प्रश्न क्लार यांच्या १९७२ मधल्या एका रेणूचा आहे. पेल्याच्या आकाराचा, ३८ कार्बन, दोन्ही रंगांचे १९-१९. तरीही बांधणीच अशी की दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचेच राहतात, एक वरच्या भागात, एक खालच्या. एकाचा स्पिन वर तर दुसऱ्याचा खाली. २०२० मध्ये शंतनु मिश्रा आणि सहकाऱ्यांनी ड्युबेनडॉर्फमध्ये तो सोन्यावर घडवला. दोघांमधला दुवा २३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरला. खोलीच्या तापमानाची ऊर्जा साधारण २५. म्हणजे एका रेणूतला हा संवाद खोलीच्या उष्णतेच्या जवळपास तोलाचा आहे. यामुळेच आमच्या क्षेत्रात त्या आकड्याची इतकी चर्चा झाली.

"आणि हे सगळं काठामुळे?" ताईने विचारलं. काठामुळेच. मधल्या भागात प्रत्येक अणूला तीन शेजारी आहेत, तिथे वेगळं काही घडत नाही. मग ती म्हणाली, "पैठणीसारखं आहे तुझं. काठ मागाहून शिवत नाहीत, अंगाबरोबरच विणतात." याहून नेमकं मला सुचलं नसतं.

मुलांना जवळचं नाव हवं असेल तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट आहे, तिथे ग्राफीनचे थर एकमेकांवर थोडे वळवून ठेवतात आणि त्यांतून नवे गुण शोधतात. कुलाबा साताऱ्याहून एका दिवसात गाठता येतं. तिने नाव लिहून घेतलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

४.७ केल्विन. द्रवरूप हेलियम भरून दिवसभर स्पेक्ट्रम घेतले. सात ओळींच्या फितीची गॅप सोन्यावर २.३ ते २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास मिळते. आमचीही तिथेच आली. सोनं स्वतःच्या इलेक्ट्रॉनांनी विद्युतभार झाकतं, म्हणून ही संख्या मोकळ्या फितीपेक्षा बरीच कमी. फितीबद्दल बोलताना खालच्या धातूबद्दलही बोलायला हवं, हे विद्यार्थिनीला दोनदा सांगितलं.

फितीच्या टोकाला मात्र गॅपच्या मधोमध एक अवस्था दिसते. लांबीचा काठ आर्मचेअर, पण टोकाचा काठ झिगझॅग, आणि झिगझॅग काठावर इलेक्ट्रॉन साचतात. फुजिता, नाकादा, ड्रेसेलहाउस यांनी १९९६ मध्ये हे मांडलं होतं. २०१८ मध्ये ड्युबेनडॉर्फ आणि बर्कलीच्या गटांनी एकाच वेळी पुढचं पाऊल टाकलं: फितीची रुंदी ठरावीक अंतराने बदलत ठेवली, तर प्रत्येक सांध्यावर अशी अवस्था बसते आणि त्यांच्या माळेतून नवाच बँड तयार होतो. म्हणजे इलेक्ट्रॉनने कुठे राहावं हे रेणूच्या आराखड्यात लिहिता येतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारच्या बैठकीत क्वांटम संगणकासाठी ग्राफीन वापरण्यावर जोरदार चर्चा झाली. आज जे बोललो ते इथे सविस्तर लिहून ठेवतो.

कार्बनकडे वळण्याची कारणं खरी आहेत. निसर्गातला जवळजवळ ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२, त्याच्या केंद्रकाला स्पिन नाही. स्पिन-ऑर्बिट जोडही दुबळी. त्यामुळे इलेक्ट्रॉनचा स्पिन इथे जास्त वेळ भरकटत नाही अशी अपेक्षा ट्राउझेट्टेल, बुलायेव, लॉस आणि बुर्कार्ड यांनी २००७ मध्ये मांडली. झुरिचच्या ईटीएचमध्ये दोन थरांच्या ग्राफीनमधल्या क्वांटम डॉटवर ती अपेक्षा आता मोजून पाहतात, आणि स्पिन मिलिसेकंदांच्या पल्ल्यात टिकलेला दिसतो. फितींच्या काठावर मात्र हायड्रोजन आहे आणि हायड्रोजनच्या केंद्रकाला स्पिन आहे. हे विसरून चालणार नाही.

दुसरं, इथे नवीन भौतिकशास्त्र हातात येतं. २०२१ मध्ये ट्रायँग्युलीनचे रेणू ओवून साखळ्या केल्या गेल्या. प्रत्येक मण्याचा स्पिन १. डंकन हाल्डेन यांनी १९८३ मध्ये म्हटलं होतं की पूर्णांक स्पिनांच्या अशा साखळीत गॅप असते, आणि पुढे कळलं की तिच्या दोन्ही टोकांना अर्धा स्पिन उरतो. एकही मणी अर्ध्या स्पिनचा नाही, तरी टोकं तशी वागतात. सोन्यावरच्या त्या साखळ्यांच्या मध्यभागी गॅप मोजली गेली आणि टोकांवर शून्य व्होल्टेजला कोंडो शिखर, म्हणजे धातूवरच्या बिनजोडीच्या स्पिनची खूण, आलं. हाल्डेन यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं त्यात या भाकिताचा वाटा होता. कार्बन आणि हायड्रोजन, बाकी काही नाही. त्यातून ही गोष्ट रेणूरेणूने पाहता आली याचा मला फार आनंद आहे.

पण याला क्यूबिट, क्वांटम संगणकाचा मूळ घटक, म्हणायला अजून वेळ आहे. सोन्याचे इलेक्ट्रॉन स्पिनला सतत टोकत राहतात; त्या गर्दीत स्पिनला हवा तसा वळवता येत नाही. मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडसारखा पातळ विद्युतरोधक थर हवा. एकेका अणूच्या स्पिनचा अनुनाद टिपेखाली वाचण्याची युक्ती २०१५ मध्ये आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेत अशाच थरावर जमली. आमची अडचण अशी की रेणू जोडण्याचं काम सोनं करतं आणि नंतर तेच सोनं आड येतं. घडवायची जागा एक, वापरायची जागा दुसरी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या जागेचा दिवस. नऊ ओळींच्या फिती, अभ्रकावर चढवलेल्या सोन्याच्या थरावर वाढवलेल्या. या फिती हवेत टिकतात, म्हणून बाहेर काढता येतात. झिगझॅग काठाच्या टिकत नाहीत. अभ्रक हायड्रोक्लोरिक आम्लावर तरंगत ठेवलं की सोन्याचा थर सुटतो. तो फितींची बाजू खाली करून चिपवर ठेवायचा, आयोडाइडच्या द्रावणाने सोनं विरघळवायचं. फिती चिपवर उरतात. मग रामन स्पेक्ट्रम. रुंदीवर ठरणारी कमी वारंवारतेची रेषा जागेवर आहे, म्हणजे प्रवासात फिती मोडल्या नाहीत.

पुढचा टप्पा संपर्काचा, आणि नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं घोडं तिथेच अडलंय. फिती काही दशक नॅनोमीटर लांब. इलेक्ट्रोडमधली फट त्याहून कमी हवी, आणि फीत दोन्हीकडे नीट टेकायला हवी. २०१७ मध्ये बर्कलीच्या गटाने सुमारे २० नॅनोमीटरच्या फटीत नऊ ओळींच्या फितीचा ट्रान्झिस्टर केला आणि एक व्होल्टला एक मायक्रोअॅम्पिअरहून जास्त प्रवाह काढला. एका नॅनोमीटरहून अरुंद वाटेतून एवढा प्रवाह गेला, म्हणजे फीत आपलं काम करते. अडथळा आहे तो धातू आणि फीत यांच्या सांध्यावर. २०२३ मध्ये एम्पाच्या गटाने धातूऐवजी कार्बन नॅनोट्यूबच इलेक्ट्रोड म्हणून वापरल्या. त्यांची जाडी फितीच्या रुंदीच्या जवळपास, त्यामुळे एकच फीत पकडता येते. मला हा मार्ग पटतो. वस्तू जेवढी बारीक, तिला धरणारा चिमटाही तेवढाच बारीक हवा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नऊ ओळींच्या फितींमधले चावे मोजतोय. शब्द आमच्याकडे रूढ आहे: काठावरून बेंझिनचं एक वलय गळालेलं असतं, तिथे खाच पडते. कारण रेणूच्या बांधणीत आहे. या फितीच्या मूळ रेणूत काही वलयं बाजूला एकाच बंधाने लोंबतात. तापवताना ती आत जुळण्याआधी तुटली, तर चावा. सोन्यावरच्या प्रतिमेत खाच लहान दिसते. पण इलेक्ट्रॉनला जायला नऊच ओळी आहेत, त्यात ही खाच म्हणजे वाटेतला मोठा खड्डा.

सिलिकॉनच्या जगात सरासरीने पुष्कळ निभावून नेलं. लाखो अणूंच्या तुकड्यात दोन-चार अणू इकडे तिकडे झाले तर उपकरणाला कळत नव्हतं. आमच्या मापावर "जवळपास" हा दर्जाच शिल्लक नाही. फीत एक तर नऊ ओळींची आहे किंवा नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

उद्या गटासमोर बोलायचंय, म्हणून मुद्दे.

पहिला. आपल्या निबंधांत सगळ्यांत देखणी फीत छापली जाते. यापुढे प्रत्येक नमुन्यात किती फिती पाहिल्या, किती चावलेल्या, चावा कुठे, हे तक्त्यात द्यायचं. ज्याला यातून उपकरण करायचंय त्याला चित्रापेक्षा हा तक्ता उपयोगी.

दुसरा. चाव्याची दुरुस्ती सोन्यावर शोधण्याआधी रेणूत शोधायची. लोंबणारी वलयं आधीच जास्त बंधांनी बांधलेला रेणू करता येईल का, हे रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारायचं, आणि त्यांना आपले आकडे आधी द्यायचे.

तिसरा. वेळ. वेर्नर सिमेन्स प्रतिष्ठानाने ड्युबेनडॉर्फच्या कार्बोक्वांट प्रकल्पाला दहा वर्षांचा आधार दिला आहे, आणि मला तो काळ योग्य वाटतो. २०१० मध्ये पहिली अचूक फीत, २०१७ मध्ये कामाचा ट्रान्झिस्टर, २०२१ मध्ये हाल्डेनची साखळी, २०२३ मध्ये एका फितीला संपर्क. मधल्या प्रत्येक अंतरात कुणीतरी एक बंध, एक काठ, एक सांधा समजून घेत बसलं होतं. क्वांटम संगणकाची आश्वासनं देऊन हा वेग वाढणार नाही. काठ नीट कळला तर वाढेल, आणि तो कळण्यासारखा आहे, याची मला खात्री आहे.

ताईच्या वर्गातल्या मुलांनी त्रिकोण मोठा करून पाहिला, दहा षट्कोनांचा. ३३ अणू, एका रंगाचे १८, दुसऱ्याचे १५. स्पिन दीड. उत्तर बरोबर आहे; तो रेणूही २०१९ मध्ये सोन्यावर घडवला गेलाय, हे त्यांना कळवायचं. वर्गासाठी पुढचा प्रश्नही द्यायचा: असे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, तर रंगांचा हिशेब काय होईल?